भोंगा, बहिष्कार आणि नोंदणी विवाह: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गणपती-नवरात्र उलटले की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात. एरवी वारसनोंद, भाडेकरार, मेंटेनन्सची थकबाकी असते. या दिवसांत जवळपास प्रत्येक पाकिटात धर्म असतो आणि शेवटी 'कायदा काय म्हणतो?' हा प्रश्न. या वेळी तीच पत्रं घेतली आहेत. मी ठाण्याच्या कोर्टात वकिली करते आणि अशा फायली रोज हाताळते. एक निरीक्षण आधीच नोंदवते. धर्माविरुद्ध धर्म म्हणून आलेली फाईल उघडली की आत बहुतेक वेळा एकच माणूस सापडतो, आणि त्याला त्रास देणारे बरेचदा त्याचेच लोक असतात.

प्रश्न: स. न. वि. वि. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. पत्नीची बायपास झाली आहे. नवरात्रात समोरच्या मैदानावरचे स्पीकर रात्री साडेअकरा-बारापर्यंत चालत. सोसायटीत विषय काढला तर लोक म्हणाले, "काका, आधी त्यांचे पहाटेचे भोंगे बंद करा, मग आमच्याकडे या." पोलिसांत गेलो, नाव-पत्ता लिहून घेतला आणि तासाभरात मंडळाची मुलं दारात हजर. मी स्वतः देवीचा भक्त आहे, नऊ दिवस उपवास करतो. कायदा आपल्या सणांच्या विरोधात आहे का?
निवृत्त बँक कर्मचारी, घोडबंदर रोड

उत्तर: काका, ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम एकदा वाचून पाहा. त्यात कुठल्या धर्माचं किंवा सणाचं नाव नाही, आकडे आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. शांतता क्षेत्रात, म्हणजे रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या आसपास, 50 आणि 40. रात्र म्हणजे दहा ते पहाटे सहा, आणि या वेळात उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य सरकारला ही वेळ बारापर्यंत वाढवता येते. हे दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. नवरात्रातले काही दिवस त्यात सहसा असतात, सगळे नऊ नसतात. म्हणून तक्रारीच्या तारखा त्या यादीशी ताडून घ्या. आणि बारापर्यंतची सवलत फक्त वेळेची असते, आवाजाची मर्यादा त्या दिवशीही सुटत नाही.

डेसिबलचा आकडा वाचताना एक लक्षात ठेवा. 55 चे 65 झाले म्हणजे आवाज थोडासा वाढला असं वाटतं, पण दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. बायपास झालेल्या बाईंच्या छातीला हा फरक कळतो, आणि तिथे स्पीकर कुठल्या बाजूचा आहे हे विचारलं जात नाही.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर न्यायालयांनी पंचवीस वर्षं सातत्याने एकाच दिशेने दिलं आहे. 2000 साली सर्वोच्च न्यायालयापुढे चेन्नईच्या एका चर्चचं प्रकरण होतं. प्रार्थनेत ध्वनिवर्धक आणि ड्रम, शेजारच्या कॉलनीची तक्रार. दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाही धर्म सांगत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पुढचा मोठा निकाल आपल्या ठाण्यामुळे आला, याचा मला अभिमान आहे. इथले डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर ऑगस्ट 2016 मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही हे स्पष्ट केलं, आणि रस्ते अडवून मंडप घालण्याचा हक्क कुणाला नाही हेही. जानेवारी 2025 मध्ये कुर्ला-चुनाभट्टीच्या रहिवाशांची तक्रार मशिदींच्या भोंग्यांबद्दल होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिथेही हेच सूत्र लावलं. चर्च, मंडप, मशीद, तिन्ही वेळा माप एकच.

म्हणून "आधी त्यांचे" हे उत्तर कायद्यात कुठेच बसत नाही. पहाटे सहाच्या आधीचा भोंगा बेकायदा आहे आणि रात्री दहानंतरचा, यादीत नसलेल्या दिवसाचा स्पीकरही बेकायदा आहे. तुम्ही दोन्हींविरुद्ध तक्रार देऊ शकता. एकाची दिली म्हणून दुसरीचं वजन कमी होत नाही.

नाव उघड झालं, हे सगळ्यात गंभीर. 2025 च्याच निकालात न्यायालयाने बजावलं आहे की तक्रारदाराची ओळख मागू नये, उघड करू नये. पहिल्यांदा समज, मग दंड, तरीही ऐकलं नाही तर यंत्रणा जप्त आणि परवाना रद्द, असा क्रमही घालून दिला आहे. पुढच्या वेळी 112 वर फोन करा आणि दुसऱ्या दिवशी सहायक पोलीस आयुक्तांच्या नावे लेखी अर्ज द्या. तारीख, वेळ, जागा लिहा, या निकालाचा उल्लेख करा आणि पोच घ्या. मोबाइलवरच्या ॲपचं मोजमाप पुरावा म्हणून टिकणार नाही, पण पोलिसांना त्यांचं मीटर आणायला लावण्यापुरतं ते कामाला येतं.

आपण देवीभक्त आहोत हे तुम्हाला पत्रात सांगावंसं वाटलं, याचं मला फार वाईट वाटलं. झोप मागायला भक्तीचा दाखला लागत नाही.

प्रश्न: ताई, माझ्या मुलीने जातीबाहेर लग्न केलं. पंचांनी बैठक बसवली आणि 51 हजार दंड सांगितला. आम्ही भरला नाही. तेव्हापासून आम्हाला लग्नाला, बारशाला, मयताला कुणी बोलवत नाही. सासरे वारले तेव्हा खांदा द्यायला जातीतलं कुणी आलं नाही, चाळीतल्या परक्या लोकांनी उचललं. पंच म्हणतात, घटनेनेच आम्हाला आमचा कारभार बघायचा हक्क दिलाय, कोर्टात जाऊन काही होणार नाही. हे खरं आहे का?
एक आई, कळवा

उत्तर: ताई, खरं नाही. पण पंचांच्या बोलण्यामागे एक जुना निकाल आहे. त्यांना तो माहीत असो वा नसो, तुम्हाला माहीत हवा. उद्या त्यांचा वकील तोच पुढे करील.

1949 साली तेव्हाच्या मुंबई प्रांताने समाजातून बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती, आणि माणसाला त्याच्याच लोकांनी वाळीत टाकणं हा सरकारने हात घालण्याचा विषय आहे, असं इथल्या विधिमंडळाला वाटलं. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. समाजाची शिस्त राखण्यासाठी बहिष्कृत करण्याचा धर्मप्रमुखाचा अधिकार हा धर्माच्या कारभाराचा भाग आहे, आणि तो घटनेच्या अनुच्छेद 26 खाली सुरक्षित आहे, असं बहुमताने म्हटलं.

विरोधात राहिलेलं एक मत सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचं होतं. बहिष्कृत माणूस स्वतःच्याच समाजात अस्पृश्यासारखा होतो आणि त्याची सुटका करणारा कायदा घटनेच्या अस्पृश्यताबंदीशी जुळणारा आहे, असा त्यांचा विचार होता. मी वकिलीच्या सुरुवातीला हे मत वाचलं तेव्हापासून तेच मला बरोबर वाटत आलं आहे. तुमच्या सासऱ्यांची तिरडी परक्यांनी उचलली. यात पूजा कुठे आहे, उपासना कुठे आहे? घरातल्या प्रेताला खांदा न देणं हा कुठल्या देवाचा कारभार? धर्माचं नाव घेऊन इथे गाजवली जाते ती माणसांची सत्ता.

आता कायद्याची आजची स्थिती. जातपंचायतींचे एकेक प्रकार पुढे येत गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या हत्येनंतर हे काम जोमाने लावून धरलं. महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. जुलै 2017 पासून तो लागू आहे. लग्नकार्य किंवा अंत्यविधी करू न देणं, समाजातून काढणं, देवळात, सभागृहात किंवा स्मशानात येऊ न देणं, हे सगळं त्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बैठकीत बसून निर्णय घेणारेही सुटत नाहीत. वाळीत टाकण्यासाठी बैठक भरणार असल्याचं कळलं तर ती रोखण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तक्रार पोलिसांत देता येते, किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

आणि 1962 च्या निकालाचं काय? फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तो निकाल फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. त्यातही तो निकाल एका धर्मपंथाच्या प्रमुखाबद्दलचा. जातीचे पंच म्हणजे धर्मपंथ नव्हेत, तुमच्या मुलीच्या लग्नाने कुणाची उपासना थांबलेली नाही. अनुच्छेद 25 मध्येच समाजसुधारणेसाठी कायदा करण्याची मुभा राज्याला दिलेली आहे. ती तिथे बसवणाऱ्यांना 1947 चं पंढरपूर चांगलं आठवत होतं. विठ्ठलाच्या देवळात हरिजनांना जाऊ द्या म्हणून साने गुरुजींना उपोषण करावं लागलं, ते तेव्हा ताजं होतं.

पुरावा आत्ताच जमवा. दंड सांगणारा व्हॉट्सॲप मेसेज, बैठकीची तारीख, तिथे कोण कोण होतं, सासऱ्यांच्या वेळी कुणाकुणाला निरोप गेला होता, सगळं कागदावर उतरवा. मेसेज पुसू नका, फोन बदलला तरी जुना ठेवा. खांदा देणारे चाळीतले शेजारी हे तुमचे सगळ्यात चांगले साक्षीदार. त्यांना विचारा, ते नाही म्हणणार नाहीत असं तुमच्या पत्रावरून वाटतं. खटला दाखल झाल्याने भावकी दुसऱ्या दिवशी दारात येणार नाही, हे मी लपवत नाही. पण पुढच्या मुलीच्या वेळी दंडाचा आकडा उच्चारताना पंच दहादा विचार करतील, एवढं मी पाहिलेलं आहे.

प्रश्न: मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. एक सभासद फ्लॅट एका मुस्लीम कुटुंबाला विकतो आहे. कमिटीतले काहीजण म्हणतात एनओसी देऊ नका, सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा पारशी सोसायटीचा निकाल आपल्या बाजूने आहे. मला सही करताना अडचणीत यायचं नाही. काय करू?
सेक्रेटरी, नेरुळ

उत्तर: नकारावर सही कराल तर अडचणीत याल. 2005 चं प्रकरण अहमदाबादच्या पारशी सोसायटीचं. ती सोसायटी मुळातच त्या समाजापुरती स्थापन झाली होती आणि सभासद पारशीच असावा हे तिच्या नोंदणीकृत उपविधीत, म्हणजे नियमावलीत, लिहिलेलं होतं. न्यायालयाने तो उपविधी टिकवला. मला स्वतःला तो निकाल पटलेला नाही, पण तो आहे तसाच धरला तरी तुमच्या उपयोगाचा नाही. तुमच्या उपविधीत असा शब्द तरी आहे का? तुमचे उपविधी आदर्श उपविधींवर बेतलेले असतील, आणि त्यात तर हस्तांतरणाला सोसायटीची एनओसी लागतच नाही असं म्हटलं आहे. सहकार कायदा पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू देत नाही. धर्म हे पुरेसं कारण आहे, असं लिहून निबंधकांपुढे उभं राहायची कुणाची तयारी आहे, ते कमिटीला विचारा. लेखी विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवा. जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, असेल तर हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागते, ती प्रक्रिया मात्र नीट पार पाडून घ्या.

नवी मुंबई आगरी-कोळ्यांच्या 95 गावांच्या जमिनी सार्वजनिक कामासाठी संपादन करून उभी राहिली. त्या जमिनीवर कुणी शेजारी व्हायचं हे धर्म पाहून ठरवण्याचा अधिकार तुमच्या कमिटीला कुठून आला, हे मला समजत नाही. मी ठाण्यात टेंभी नाक्याजवळ वाढले. तिथे 1879 पासून बेने इस्रायलींचं, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे, त्याच नाक्यावर नवरात्रात देवी बसते. माझ्या वर्गातल्या बेने इस्रायली मुली माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलत.

त्याच पत्रात तुम्ही ओझरतं विचारलं आहे की मेंटेनन्समधून गणपतीचा खर्च टाकता येतो का. नाही. वर्गणी ऐच्छिक ठेवा, पावती वेगळी द्या, हिशेब वेगळा लावा. सोसायटीबाहेर पैसे गोळा करणार असाल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढा.

प्रश्न: आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर फुटपाथवर एक छोटं देऊळ होतं. आता तिथे ग्रिल, छप्पर, लाद्या झाल्यात. शाळेतली मुलं रस्त्यावरून चालतात. बोललं की लोक नास्तिक म्हणतात.
कॉलेज विद्यार्थी, वागळे इस्टेट

उत्तर: 29 सप्टेंबर 2009 ही तारीख पाठ करा. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने रस्ते, उद्यानं, सार्वजनिक जागा इथे नवं अनधिकृत मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा होऊ देऊ नका असा आदेश दिला. त्याआधीच्या बांधकामांची प्रत्येक राज्याने छाननी करायची होती, कोणतं नियमित होईल, कोणतं हलवायचं, कोणतं पाडायचं. माहिती अधिकारात अर्ज करून तुमच्या कोपऱ्यावरचं बांधकाम कोणत्या यादीत आहे ते विचारा, आणि नंतरच्या वाढीव कामाचे फोटो तारखेसह जोडा. मोठ्या माणसांचा आधार असला की काही होत नाही असं समजू नका. पावणे एमआयडीसीतलं बावखळेश्वर मंदिर न्यायालयाच्या आदेशाने 2018 साली पाडलं गेलं. अर्जात देवाबद्दल एक शब्दही लिहू नका, फुटपाथची रुंदी लिहा.

प्रश्न: शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर सगळं सरकारच्या ताब्यात. मग धर्मनिरपेक्षता कुठे राहिली? आमच्याच देवळांना हा न्याय का?
शिक्षक, ऐरोली

उत्तर: तुमच्या प्रश्नात एक तक्रार खरी आहे आणि एक समजूत चुकीची. आधी समजूत. 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा सगळ्याच धर्मांच्या न्यासांसाठी केला गेला. देवळाचे, चर्चचे, जैन, पारशी न्यास धर्मादाय आयुक्तांकडेच नोंदवले जातात, वक्फसाठी स्वतंत्र कायदा आहे. जैन आणि पारशी मंडळींनी या कायद्याला दिलेल्या आव्हानावर 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. धर्माचा पैसा आणि मालमत्ता नीट सांभाळली जाते का हे राज्य पाहू शकतं, धर्मविधी काय आणि कसे हे ठरवू शकत नाही, ही रेघ तेव्हाची आहे.

काही देवस्थानांसाठी वेगळे कायदे झाले: पंढरपूर 1973, सिद्धिविनायक 1980, शिर्डी 2004. पंढरपूरचं मला योग्यच वाटतं. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपायला सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2014 च्या निकालापर्यंत, म्हणजे कायद्यानंतर चाळीस वर्षं थांबावं लागलं. त्यानंतर मंदिर समितीने पूजेसाठी जात न पाहता अर्ज मागवले. वारकऱ्याला विठ्ठलापासून दूर ठेवणारं सरकार नव्हतं, हे इथे नोंदवायला हवं.

आता तुमची खरी तक्रार. विश्वस्त मंडळं राजकीय कार्यकर्त्यांची सोय लावण्यासाठी भरली जातात, हे मलाही दिसतं आणि मला त्याचा राग येतो. 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शिर्डीचं विश्वस्त मंडळ रद्द केलं. हिशेब तपासण्याचा अधिकार राज्याला द्यावाच. खुर्च्या वाटण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. ही मागणी घेऊन तुम्ही आमदारांकडे जाणार असाल तर मसुदा मी लिहून देईन.

प्रश्न: मी हिंदू, तो ख्रिश्चन. दोघांनाही धर्म बदलायचा नाही. घरचे तयार नाहीत. नोंदणी विवाह होईल का?
तिचं वय 26, त्याचं 28, ऐरोली

उत्तर: होईल. विशेष विवाह कायदा 1954 मध्ये याचसाठी आला. तुमच्यापैकी एकजण तरी ज्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्या. 30 दिवस हरकतींची वाट पाहिली जाते. हरकत फक्त कायद्यात लिहिलेल्या कारणांवर चालते: वय कमी असणं, आधीचा जोडीदार हयात असणं, निषिद्ध नातं, मानसिक अक्षमता. आई-वडिलांची नापसंती त्यात नाही. विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात.

दोन गोष्टी नोंदणी कार्यालयात कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. या लग्नानंतर तुम्ही वडिलांच्या एकत्र कुटुंबातून कायद्याने विभक्त झालात असं मानलं जाईल. आणि तुमच्या दोघांच्या मालमत्तेला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागेल. वडिलोपार्जित घर किंवा शेती असेल तर नोटीस देण्याआधी एकदा कागद घेऊन भेटा. घरून धमकी आली असेल तर पोलिसांना आधीच लेखी कळवा. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. तेव्हा आधी साक्षीदारांच्या सुट्ट्या नक्की करा, मग नोटिशीची तारीख धरा.